शुभदाच्या नावाची कॉफी

उन्हाळी वेळ संपली की आमच्याकडे घड्याळं तासभर मागे करण्याचं काम शुभदाचं होतं. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी ती स्टुलावर चढून दिवाणखान्यातलं घड्याळ काढायची, मग माझं मनगटी मागून घ्यायची, मग गाडीतलं बदलायला अंगणात जायची. ओव्हनचं घड्याळ मात्र मुद्दाम सोडून द्यायची. "एक तरी उन्हाळ्यात राहू दे," म्हणायची. गेल्या वर्षी मीही ते तसंच ठेवलं होतं, तर दातांच्या डॉक्टरकडे तासभर आधी जाऊन बसलो. या रविवारी ओव्हनपाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि तेही बदललं.

बर्मिंगहॅममध्ये आता चार वाजताच उजेड विझायला लागतो. फुटपाथवर ओली पानं थरावर थर साचतात आणि बुटाखाली आवाज न करता दबतात. पहिल्यांदा हीटिंग सुरू केलं की रेडिएटरवर उन्हाळाभर बसलेली धूळ जळते, तिचा एक कोरडा वास घरभर फिरतो. तो वास आला की मला चार वर्षांपूर्वीचा शरद आठवतो. पूर्ण आठवत नाही. त्यातले बुधवार तेवढे आठवतात.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये शुभदा गेली. मी ज्या इस्पितळात तीस वर्षं वृद्धांच्या वॉर्डात डॉक्टर होतो, तिथेच, दोन मजले वर. नंतरचे दहा-बारा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. महाराष्ट्र मंडळातल्या बायका डबे घेऊन यायच्या, पुरुष माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. "काही लागलं तर हक्कानं सांगा, डॉक्टर." सगळे मनापासून म्हणत होते. पण माझ्याशी बोलताना प्रत्येकाची मान एका बाजूला कलायची, आवाज खाली यायचा, आणि मला वाटायचं की आता उरलेलं आयुष्य मी कललेल्या मानांकडे बघतच काढणार. सप्टेंबरात ईरा, आमची मुलगी, मला लंडनमधल्या हाउन्सलोला घेऊन गेली. विमानतळावरच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात तिची नोकरी. तिच्या घरातल्या छोट्या खोलीत माझा पलंग, माझी पुस्तकं आणि खिडकीतून दर दोन मिनिटांनी उतरणारं एक विमान. चाकं मोजता येतील इतकं खाली.

तीन आठवडे मी त्या घराबाहेर पडलो नाही. एका सकाळी ईरा ऑफिसला निघताना दारात थांबली.

"बाबा, तू सोफाचा पार्ट झालायस. मी कुशन उचलते तर खाली तू असतोस."

"वाचतोय ना मी."

"कालपासून तोच पान आहे. मी बघितलं. बाहेर जा. कुठे पण. तुमचा तो जॅपनीज कॉफीचा जागा आहे ना, तिथे जा. आय डोन्ट माइंड, पण जा."

"आज बुधवार. बंद असेल."

"बुधवारी बंद नसतो. आई आणि तू बुधवारीच जायचे. खोटं बोलायला तुला येत नाही, बाबा."

ती जागा शुभदानं शोधलेली. ती बर्मिंगहॅमच्या एका लायब्ररीत बावीस वर्षं होती. रद्द झालेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून एकदा तिनं टोकियोच्या छायाचित्रांचं एक जाडजूड पुस्तक घरी आणलं. त्यात इमारती, मंदिरं, पूल सगळं होतं, पण ती अडकली ती कॉफीच्या जुन्या दुकानांच्या चार पानांवर. किस्सातेन म्हणतात त्यांना, हे मला तिनंच सांगितलं. अंधारं लाकूड, झिजलेली मखमल, रंगीत काचेचे दिवे, आणि काउंटरमागे कॉफी गाळणारा एक म्हातारा, ज्याला सगळी गिऱ्हाइकं मास्टर म्हणतात. तिनं एक वही केली. वर लिहिलं, "टोकियोत पाहण्यासारखी". आत दुकानामागून दुकान, तिच्या लायब्ररीतल्या नेटक्या अक्षरात. 'जिंबोचो. पुस्तकांच्या दुकानांमागे, तळघरात. जिना अरुंद. ह्यांचा गुडघा?' 'आसाकुसा. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. लवकर जायला हवं.' 'इथे बोलू देत नाहीत, फक्त रेकॉर्ड ऐकायची. ह्यांना आवडेल, मला नाही.' मी निवृत्त झालो की जायचं ठरलं होतं. मग सगळं जग बंद झालं, आणि ते उघडेपर्यंत तिचे स्कॅन सुरू झाले होते.

टोकियो जमेना म्हणून ॲक्टन. ईराकडे आलो की पिकॅडिली लाइनच्या भुयारी गाडीनं काही स्टेशनं, मग स्टेशनमागची एक गल्ली. एका बाजूला सायकलदुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या बाजूला चाव्या करून देणारा, आणि मध्ये एक तपकिरी दार, ज्याच्या काचेतून आत फक्त पिवळट अंधार दिसायचा. दार ढकललं की वर एक घंटी वाजायची आणि लंडन मागे राहायचं. सहा टेबलं. शेंदरी मखमलीच्या बुटक्या खुर्च्या, हातांवरची मखमल झिजून तिथला धागा उघडा पडलेला. हवेत कॉफीचा, जुन्या लाकडाचा आणि भाजलेल्या पावाचा वास. पाव इतका जाड कापलेला की शुभदा म्हणाली, "हा टोस्ट नाही, हा शब्दकोश आहे." बसल्यावर ती खुर्चीच्या हातांवरून तळवे फिरवत म्हणाली, "अहो, तुमच्या वॉर्डात अशा खुर्च्या असत्या तर कुणी घरी गेलंच नसतं."

मास्टर तेव्हा सत्तरीचे असावेत. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, काळा एप्रन. कॉफी यंत्रावर करत नसत. फ्लॅनेलच्या कापडाची एक पिशवी, आपल्याकडे चहाचं गाळणं असायचं तशी, आणि तिच्यात किटलीच्या लांब चोचीतून थेंबाथेंबानं पाणी. ते पाणी घालताना बोलायचे नाहीत आणि आपणही बोलू नये असं आपोआप वाटायचं. मागच्या फळीवर पन्नासेक कप, एकासारखा दुसरा नाही. कुणाला कुठला कप द्यायचा हे ते पहिल्या दिवशी माणसाकडे बघून ठरवत, आणि मग तो कप त्या माणसाचा. मला हिरवा, जाड काठाचा मिळाला. शुभदाला पांढरा, वर निळी फुलं, कान इतका नाजूक की दोन बोटं कशीबशी मावत. महिन्यातून एक बुधवार, जवळजवळ दोन वर्षं आम्ही गेलो. कॉफी पिऊन झाली की मास्टर कप उचलायला येत, शुभदाच्या रिकाम्या कपाकडे बघत आणि किंचित मान झुकवत. दोघांत संभाषण असं फारसं नव्हतं. पण तिचा आजार वाढला आणि आम्ही येईनासे झालो, तेव्हाही ती म्हणायची, "मास्टर वाट बघत असतील हो."

तर त्या बुधवारी, ईराच्या धाकानं, मी एकटा गेलो.

घंटी वाजली. मास्टरनी वर बघितलं, चेहरा उजळला, आणि त्यांनी फळीवरून दोन कप काढले. हिरवा आणि निळ्या फुलांचा.

"आज एकच," मी म्हणालो.

"मॅडम?"

तीस वर्षं मी हे काम केलेलं आहे. वॉर्डाशेजारी एक छोटी खोली होती, दोन खुर्च्या आणि टिश्यूचा खोका. त्या खोलीत मी किती मुलांना, किती नवऱ्यांना सांगितलं असेल. नव्या डॉक्टरांना मी शिकवायचो. आधी बसा. फोन बंद करा. गोल गोल बोलू नका. 'आता त्या आपल्यात नाहीत' असं म्हणू नका, 'मृत्यू झाला' असं म्हणा, कारण घाबरलेला माणूस मोघम शब्दातून हवा तो अर्थ काढतो आणि तासाभरानं विचारतो की मग ती कुठे आहे.

"बर्मिंगहॅमला," मी म्हणालो. "जरा बरं नाही तिला."

"आ," मास्टर म्हणाले. "थंडी."

"हो. थंडीच."

त्यांनी निळ्या फुलांचा कप जागेवर ठेवून दिला, आणि मी आमच्या टेबलाशी जाऊन बसलो. आपण काय बोलून बसलो हे कळत होतं. पण खरं सांगायचं तर त्याबरोबर दुसरंही काही वाटलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याशी कुणीतरी मान न कलवता बोललं होतं. जगात एक जागा अशी निघाली होती की जिथे शुभदाला फक्त सर्दी झाली होती.

पुढच्या बुधवारी निघताना मास्टरनी माझ्या हातात कागदी पिशवी दिली. आत छोट्या पत्र्याच्या वाटीत त्यांचं कॅरॅमल पुडिंग. "मॅडमना. लवकर बऱ्या व्हा." मी ते मांडीवर धरून हाउन्सलोपर्यंत आलो. ते ईरानं स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच खाल्लं.

"हे कुणी दिलं? ॲमेझिंग आहे."

"मास्टरनी."

"का?"

"असंच."

त्याच्या पुढच्या बुधवारी मास्टरनी विचारलं, "पुडिंग?"

"आवडलं तिला," मी म्हणालो. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण शुभदाला कुठल्याही गोष्टीवर मत नाही असं कधी झालेलं नव्हतं. म्हणून पुढे म्हणालो, "गोड किंचित कमी चालेल म्हणाली."

मास्टरनी गंभीरपणे मान हलवली. पुढच्या पुडिंगमध्ये साखर कमी होती. ईरा म्हणाली, "लास्ट टाइमचा जास्त चांगला होता."

मग ते सवयीचं झालं. मंगळवारी दुपारी मी ईराच्या सोफ्यावर बसून उद्या शुभदा काय म्हणेल ते ठरवायचो. मास्टर विचारत, मी सांगायचो. खोकला कमी आहे. बाहेर बसली होती थोडी. पानं झाडायला माणूस बोलावलाय. तुम्हाला नमस्कार सांगितलाय. बोलता बोलता मला ती दिसायची, शाल गुंडाळून मागच्या दारात उभी. बाहेर ॲक्टनच्या गल्लीत चारचा अंधार उतरायचा, मास्टर एकेक दिवा लावत फिरायचे, टेबलावर लाल-हिरव्या काचेचे ठिपके पडायचे, रेकॉर्डवर पियानो, आणि त्या सगळ्यात माझी बायको हळूहळू बरी होत होती.

आज हे लिहिताना मला त्या बुधवारांची लाज वाटत नाही. पण त्यांत एक गोष्ट घडत होती, ती तेव्हा कळायला मला सहा आठवडे लागले. मी मास्टरना जी शुभदा सांगत होतो ती फार गोड बाई होती. ती आभार मानायची, नमस्कार कळवायची, औषधं वेळेवर घ्यायची. खऱ्या शुभदानं औषधांच्या वेळेवरून माझ्याशी दोन दोन दिवस अबोला धरला होता. माझे मित्र, माझं अक्षर, माझं मोठ्यानं नाक शिंकरणं, कशावरही ती गप्प बसली नव्हती. एका मंगळवारी तिचं एक वाक्य ठरवताना मी अडखळलो. खरी शुभदा इथे काय म्हणाली असती, ते मला आठवेना. बुधवारची शुभदा काय म्हणेल ते मात्र लगेच सुचत होतं. मी घाबरलो. वही काढून तिचं अक्षर वाचत बसलो. 'ह्यांचा गुडघा?' हे वाचलं, तेव्हा कुठे तिचा आवाज, त्यातली ती वैतागलेली काळजी, परत ऐकू आला. वही अजून माझ्याकडे आहे. टोकियोला मी गेलेलो नाही. आसाकुसाच्या मालकीणबाई आता असतील का, हे शोधायचंही धाडस केलेलं नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावरचा बुधवार. पाऊस आडवा येत होता. मी जाऊन बसलो, मास्टरनी माझी कॉफी आणली, आणि मग परत जाऊन दुसरा कप घेऊन आले. निळ्या फुलांचा. तो त्यांनी माझ्यासमोर, रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. कान उजव्या हाताला येईल असा फिरवला. कॉफीतून वाफ वर जात होती.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"फार दिवस झाले," ते म्हणाले. "म्हणून." मग इंग्रजी शब्द शोधत, हळूहळू सांगितलं. त्यांचे वडील बोटीवर नोकरीला होते. महिनोन्महिने बाहेर. आई रोज जेवताना वडिलांच्या जागी त्यांचं ताट मांडायची, गरम भात वाढायची. घरचं माणूस लांब असलं, आजारी असलं, तर घरच्यांनी त्याचं वाढत राहायचं. म्हणजे ते जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही. म्हणजे ते सुखरूप परत येतं.

"वडील आले?" मी विचारलं.

"दर वेळी," मास्टर म्हणाले.

आमच्यात समोर नसलेल्या माणसाचं पान एकाच कारणासाठी वाढतात. भाद्रपदात माझी आई केळीच्या पानावर आजोबांचं वाढायची, आणि आम्ही मुलं कावळ्याची वाट बघत गप्प बसायचो. त्या कपाकडे बघताना मला आजोबांचं पानच दिसत होतं, आणि मास्टर मात्र शुभदाला परत आणत होते. वाफ पातळ होत होत थांबली. कॉफीवर दिव्याचा लाल ठिपका स्थिर झाला. मी उठलो, कोट चढवला.

"ट्रेन गाठायचीय," मी म्हणालो. पिकॅडिली लाइनवर दर पाच मिनिटांनी गाडी असते, हे मास्टरना चांगलं माहीत होतं.

घरी येऊन ईराला सगळं सांगितलं. ती ओला कोट हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे मी आईचा पुडिंग खाल्ला? सगळे वीक?"

"हो."

"ओह, बाबा." ती हसायला लागली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. ती माझ्याशेजारी सोफ्यावर बसली. "मी पण ऑफिसमध्ये दोन आठवडे सांगितलं नाही. फ्लू आहे म्हटलं. सगळे मला जिंजर टी देत होते. हा आपला फॅमिली प्रॉब्लेम आहे."

"मग कसं सांगितलंस?"

"सांगितलं. एकदम. मग टॉयलेटमध्ये जाऊन रडले." नाक पुसून ती म्हणाली, "तुला तर येतं ना हे. तू पेशंटच्या लोकांना सांगायचास. तसंच सांग. नाहीतर तो माणूस आईसाठी कॉफी करत राहणार, आणि आई येणार नाही, आणि त्याला वाटेल त्याचा कॉफी कमी पडला."

हे माझ्या मनात आलं नव्हतं. मला फक्त जगातली ती एक जागा दिसत होती, जिच्यातून मी शुभदाला बाहेर काढणार होतो. तिथून ती गेली की मग ती कुठेच उरणार नव्हती.

पुढच्या बुधवारी मी मुद्दाम दुपारी तीनच्या सुमारास गेलो. त्या वेळी दुकान रिकामं असतं. एका कोपऱ्यात एक बाई वर्तमानपत्र वाचत होत्या, बस्स. मास्टर कपाकडे हात नेत होते.

"मास्टर, आधी बसता का जरा?"

ते बसले नाहीत. काउंटरमागेच उभे राहिले, हात एप्रनला पुसत. मग मीच काउंटरसमोरच्या उंच स्टुलावर बसलो. फोन बंद करून खिशात ठेवला.

"माझ्या बायकोचा मृत्यू झाला," मी म्हणालो. "ऑगस्टमध्ये. मी पहिल्यांदा एकटा आलो तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगता आलं नाही. मी खोटं बोललो."

शिकवलेलं सगळं बरोबर पार पडलं. त्यानंतर गप्प राहायचं असतं, तेही राहिलो. किटलीतलं पाणी उकळत होतं. मास्टरनी मागे न बघता हात नेऊन ज्योत बंद केली. मला वाटलं, ते मला जायला सांगतील, आणि ते बरोबरच ठरेल. मग त्यांनी एप्रन सोडला, घडी करून ठेवला, काउंटरला वळसा घालून बाहेर आले आणि माझ्यासमोर कंबरेतून वाकले. कितीतरी वेळ वाकलेलेच होते. मी स्टुलावरून उतरलो. वाकावं की हात जोडावेत कळेना, म्हणून हात जोडले.

सरळ होऊन त्यांनी विचारलं, "पुडिंग?"

"मुलीनं खाल्लं."

"कमी गोड?"

"ते मी सांगितलं. मनचं."

त्यांनी मान हलवली. जरा अवघडून विचारलं, "मॅडमना आवडलं असतं?"

मोघम काही बोलता आलं असतं. तोंडात तयारही होतं.

"नाही," मी म्हणालो. "अंड्याचं गोड तिला वासानंसुद्धा चालायचं नाही. तोंडात घातलं नसतं तिनं. आणि मास्टर, तुमची कॉफीसुद्धा तिला फार कडू लागायची."

"पण कप," ते म्हणाले. "कप नेहमी रिकामा."

"तुम्ही पाठ फिरवलीत की ती माझ्या कपात ओतायची. दोन वर्षं दोघांची कॉफी मीच प्यायलो."

मास्टरच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला आधी कळलं नाही, की ते हसताहेत. खांदे हलायला लागले, चष्मा काढावा लागला. वर्तमानपत्रवाल्या बाईंनी मान वर करून बघितलं. माझंही हसू फुटलं, आणि त्यात शुभदा होती. कप पुढे सरकवून डोळ्यांनीच 'लवकर प्या' म्हणणारी, पकडले गेलो तर सगळं माझ्यावर ढकलायला तयार असलेली.

चष्मा पुसून डोळ्यांवर चढवत मास्टर आमच्या टेबलापाशी गेले. इतक्या वर्षांत मी त्यांना गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी शुभदाची खुर्ची मागे ओढली, तिच्यात बसले, आणि समोरच्या खुर्चीकडे हात करून मला बोलावलं.

"आणखी काय," ते म्हणाले, "आवडत नव्हतं मॅडमना?"

"बरंच काही," मी म्हणालो, आणि बसलो.